मधला गवई

घरात नवे स्पीकर आलेल्या माणसाला "कसे आहेत?" म्हणून विचारून बघावं. तो स्पीकरविषयी फार बोलतच नाही. "किशोरीताई अगदी समोर बसून गातायत असं वाटतं," म्हणतो, आणि मग आवाज जरा खाली आणून, घरातली आतली गोष्ट सांगावी तसा सांगतो, "स्पीकर गायब होतात हो." भरपूर पैसे मोजून आणलेल्या, दोघांनी धरून जिन्यावरून चढवलेल्या, बैठकीच्या खोलीतल्या दोन मोक्याच्या जागा अडवून बसलेल्या वस्तूची सर्वांत मोठी स्तुती काय, तर ती नाहीशी होते. फ्रिजबद्दल असं कोणी म्हणत नाही. मूर्तीबद्दल म्हणतात. माझी जाऊ पंढरपूरहून आली की सांगते, पायांवर डोकं टेकवलं तेव्हा दगड लागला असं वाटलंच नाही.

माझ्याकडे स्पीकर आले ते भाच्यामुळे. मी मिरजेत ब्राह्मणपुरीत राहते. नोकरी कॉलेजात संस्कृत शिकवण्याची झाली. तर्कसंग्रह, वेदान्तसार, क्वचित कोणी एम.ए.ला घेतलं तर पंचदशीतली दोन-तीन प्रकरणं. निवृत्तीनंतर टेबलावरच्या एका छोट्या डब्यावर गाणं ऐकत असे. भाचा पुण्याचा, त्याला या गोष्टींचं वेड. "मावशी, तू ज्या गावात राहतेस त्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब पुरलेत, आणि तू त्यांना असल्या डबड्यावर ऐकतेस? पाप लागेल," असं म्हणून त्याने एका दिवाळीत डाली नावाच्या डॅनिश कंपनीचे, ओबेरॉन ५ या नावाचे, जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर आणून उभे केले. उंची त्र्याऐंशी सेंटिमीटर, म्हणजे माझ्या तंबोऱ्यापेक्षा बरेच बुटके. पुढे सव्वापाच इंची दोन पडदे, कागदात लाकडाचे तंतू मिसळून केलेले, आणि त्यांच्या वर रुपयाएवढी एक मऊ घुमटी. पेटीच्या पाठीला भोक. खालचे सूर काढायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते, त्यासाठी पेटीचं पोट मोठं हवं आणि त्या भोकातून पोटातली हवाही आवाजाच्या मदतीला यायला हवी. लहान डबा कितीही गुणी असला तरी इथे थकतो.

सगळं जोडून झाल्यावर मी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावायला सांगितली, तेव्हा भाच्याचा चेहरा पडला. १९३०च्या दशकातली, तीन मिनिटांची तबकडी. त्यात खर्जाचं फारसं काही उरलेलं नाही, वरच्या टोकाचंही नाही, आणि मधे सुईची खरखर. "यासाठी एवढे मोठे स्पीकर कशाला लागतात?" असं त्याला म्हणायचं होतं, पण आणलेही त्यानेच होते.

गाणं सुरू झालं आणि आवाज डाव्या पेटीतून येईना, उजव्या पेटीतूनही येईना. दोन्हींच्या बरोबर मधे माझं पुस्तकांचं बुटकं कपाट आहे. त्याच्या हातभर वर, मोकळ्या हवेत, खाँसाहेब गात होते. ही रेकॉर्ड एकाच मायक्रोफोनवर झालेली. तिच्यात डावं-उजवं असं काही नाहीच. दोन्ही पेट्या तंतोतंत एकच आवाज काढत होत्या, तो दोन्ही कानांवर एकाच क्षणी, एकाच जोराने पडत होता, आणि असा आवाज नाकासमोरूनच येतो हे कानांना जन्मापासून ठाऊक. त्यांनी हिशेब केला आणि गवई मधे नेऊन बसवला. मी उठून कपाटापाशी गेले. तिथे काही नव्हतं. एक आवाज या बाजूने, एक त्या बाजूने. परत खुर्चीत बसले, खाँसाहेब परत मधे. खुर्चीतल्या खुर्चीत वीतभर उजवीकडे सरकले तर ते मुकाट्याने उजव्या पेटीत जाऊन बसले. वीतभराचा फरक म्हणजे आवाज एका कानाशी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही थोडा आधी पोचणार. तेवढ्यावर गवयाची बैठक हलते.

ही करामत अपघाताने झालेली नाही. १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाच्या इंजिनिअरने दोन मायक्रोफोन आणि दोन स्पीकर यांच्या मदतीने आवाजाला जागा कशी द्यायची, याचं पेटंट मागितलं. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे सिनेमागृहात बघून तो अस्वस्थ झाला होता, अशी गोष्ट सांगतात. आज घराघरांत जो गवई दोन पेट्यांच्या मधे बसतो, तो त्या अस्वस्थतेचं पोर आहे.

मला मात्र त्या संध्याकाळी ब्लमलाइन आठवला नाही, आठवला माझा वर्ग. वेदान्त शिकवताना भ्रमाचा पहिला दाखला दोरी आणि साप. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की साप जातो. ज्ञान झालं, भ्रम गेला. हा दाखला इतका नेटका आहे की मुलं लगेच वहीत उतरवतात आणि पुढचं ऐकत नाहीत. पुढे अशी गोष्ट येते की काही भ्रम दिवा आणल्यावरही जात नाहीत. पांढऱ्या स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की स्फटिक तांबडा दिसतो. तो पांढरा आहे हे तुम्हाला शपथेवर माहीत असलं तरी, फूल तिथे आहे तोवर तो तांबडाच दिसणार. याला आपल्याकडे सोपाधिक भ्रम म्हणतात. फूल ही उपाधी. ज्ञानाने भ्रमाची मान्यता जाते, त्याचं दिसणं जात नाही. जीवन्मुक्ताची सगळी गोष्ट या फटीतून आत येते: ज्याला जग मिथ्या आहे हे कळलं त्यालाही भूक लागते आणि समोरचं झाड झाडच दिसतं, मृगजळ आहे हे माहीत असलेल्या वाटसरूलाही पाणी लकाकताना दिसतंच. बाधित झालेलं पुन्हा पुन्हा दिसत राहणं, बाधितानुवृत्ती. मुलं इथपर्यंत आली की जांभया देत. वर्गात स्फटिक कुठून आणणार? आता मला वाटतं, एक जोडी स्पीकर असते तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मधे कोणी नाही हे मला हात फिरवून माहीत आहे. तरी खाँसाहेब उठत नाहीत. यात मी जीवन्मुक्त वगैरे झाले असं नाही, वेताच्या खुर्चीत बसलेली एक निवृत्त बाई आहे. पण जी गोष्ट आयुष्यभर पोथीतून सांगितली ती कानाने समजली.

आता भ्रम म्हटला की प्रश्न येतो तो खरेखोटेपणाचा. "अगदी समोर बसल्यासारखं" ही साक्ष किती धरायची? नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाला, शब्दप्रमाण मानतो, पण बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्यापलीकडे ज्याला दुसरा हेतू नाही. ज्याने लाखभर रुपये मोजलेत, बायकोला निम्मी किंमत सांगितलीय आणि मित्रांना चहाला बोलावलंय, तो आप्त कसा? माझा भाचाच घ्या. "मावशी, पहिले शंभर तास नुसते वाजू देत, मग ते उघडतील." उघडले खरे. पण शंभर तासांत ते सैलावले की माझे कान त्यांना सरावले, हे शंभर तासांपूर्वीचे कान जवळ असल्याशिवाय कोण सांगणार? १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी ऐकणाऱ्यांकडून तेच स्पीकर एकदा डोळ्यांआड आणि एकदा डोळ्यांसमोर तपासून घेतले. मोठे, देखणे, उभे स्पीकर नजरेला पडले की त्यांचे गुण वाढले. लहान, स्वस्त दिसणाऱ्यांचे घटले. मंडळी त्या धंद्यातलीच होती, म्हणजे हे होतं हे माहीत असण्याचा संभव असलेली. डोळा कानाला असा सांगून ठेवतो.

भाच्याच्या वर्तुळातले एक गृहस्थ एकदा माझ्याकडे आले होते. त्यांनी स्पीकरच्या वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून सागवानी घोड्या करून घेतल्या आहेत, त्यामुळे "तंबोऱ्याला श्वास मिळतो". मी म्हटलं, डोळे बांधून सांगाल का, घोड्या आहेत की काढल्या? ते म्हणाले, हा विषय असा डोळे बांधून कळायचा नाही. भक्तीतही मी हे उत्तर पुष्कळ ऐकलं आहे, आणि तिथेही मला ते कधी पटलं नाही.

पण साक्षीदार पक्षपाती आहे म्हणून घटना घडलीच नाही, असंही होत नाही. तिथे खोलीकडे वळावं लागतं, कारण स्पीकर ऐकतो म्हणणारा माणूस निम्म्याहून अधिक आपली खोलीच ऐकत असतो. माझी खोली चौदा फूट लांब. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीत चाळीस हर्ट्झची अर्धी लाट बरोबर मावते आणि ऐंशीची एक पूर्ण. तेवढे सूर दोन भिंतींच्या मधे अडकून उभे राहतात. ऐंशीच्या आसपास डग्ग्याचा घुमारा असतो. खुर्ची खोलीच्या मध्यावर ठेवली की डग्गा छातीवर चालून येतो. मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर सरकवली की त्याच डग्ग्यातला जीव जातो, नुसती टिचकी उरते. स्पीकर तेच, रेकॉर्ड तीच, तबलजी तोच. खरा डग्गा कुठला? जिथे तो वाजला त्या स्टुडिओतला म्हणावा तर तिथेही भिंती होत्या आणि मायक्रोफोन कुठेतरी एका जागीच उभा होता. शेवटी मी खुर्ची दोन्हींच्या अधेमधे ठेवली, मागच्या भिंतीवर जुनी गोधडी लावली आणि विषय मिटवला. जाऊ म्हणाली, भिंतीला गोधडी आणि पलंगावर चादर, हे कसलं घर.

"मूळ आवाज" हा भाच्याचा आवडता शब्द. चांगला स्पीकर मूळ आवाजाला इमानी असतो, म्हणे. ऐकताना मला जुनं भांडण आठवतं. मीमांसक म्हणतो शब्द नित्य आहे. उच्चार त्याला फक्त प्रकट करतो, जसा दिवा अंधारातल्या घड्याला. नैयायिक म्हणतो, छे, शब्द उपजतो आणि मरतो. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असा कानापर्यंत येतो, आणि कानावर पडतो तो मूळचा नव्हेच, त्याचा कितवा तरी वंशज. रेकॉर्ड आली तेव्हा मीमांसकाला जोर चढायला हवा होता: घ्या, हवा तेव्हा तोच शब्द. पण माझ्या खोलीत बसून मी नैयायिकाच्या बाजूची झाले. खाँसाहेबांच्या गळ्यातला आवाज ज्या क्षणी निघाला त्या क्षणी संपला. माझ्याकडे आज जो निघतो तो लाकूडमिश्रित कागद हलल्यामुळे, मिरजेच्या या हवेत, या भिंतींच्या संगनमताने, आत्ता जन्मलेला आहे. तो त्यांचा वंशज आहे, पण जन्म इथला. इमान राखायचं तर कुळाशी राखता येईल, मुळाशी कसं राखणार?

आणि तरीही मधे खाँसाहेबच बसलेले असतात, वंशज नाही. हे कोडं माझ्यापुरतं सुटायला लागलं ते एका तंबोरेवाल्यामुळे.

मिरज तंबोऱ्यांचं गाव आहे, हे सांगायला नको. ज्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी शस्त्रांना धार लावली त्या शिकलगारांच्या घरांतून इथे सतारी आणि तंबोरे होऊ लागले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या तंबोऱ्याची जवारी लावायला सतारमेकर गल्लीतले एक चाचा येतात. जवारी म्हणजे घोडीचा माथा इतका अलगद कमानदार घासायचा, आणि तारेखाली दोरा असा सरकवायचा, की तार सुटताना घोडीला चाटत जाते आणि एका सुरातून सुरांची पिसारी उघडते. चांगली लागली की सा वाजवताना गंधार ऐकू येतो, जो कोणीच छेडलेला नसतो. चाचांचं काम झालं, चहा झाला, म्हणून मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि भाच्याने दिलेलं एका तरुण गायिकेचं नवं ध्वनिमुद्रण लावलं. त्यात दोन तंबोरे, एक डावीकडे, एक उजवीकडे.

चाचा डोळे मिटून बसले. विलंबित सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल. त्यांचा हात मांडीवरून उठला, पुढे उजवीकडे गेला, अंगठा आणि पहिलं बोट तारेतला मणी धरावा तशी जुळली, आणि हात तिथेच हवेत थांबला. त्यांनी डोळे उघडले. स्वतःच्या हाताकडे पाहून इतके हसले की चहाचा कप लवंडता लवंडता राहिला.

"उजवीकडच्या तंबोऱ्याची जोडाची एक तार उतरली हाय, बाई."

मला काही कळलं नव्हतं. रात्री भाच्याला फोनवर सांगितलं. त्याने तो तुकडा संगणकावर उघडून पाहिला. जोडाचे दोन सा एकमेकांपासून केसभर लांब होते.

बारकाईने पाहिलं तर इथे एकाच ऐकण्यातून दोन गोष्टी निघाल्या. पुढे हातभर अंतरावर तंबोरा आहे, हे ज्ञान खोटं. हात मण्याकडे गेला आणि मणी लागला नाही. नैयायिकाची कसोटी हीच, ज्ञानावर विसंबून हालचाल करावी आणि फळ मिळतं का बघावं. पण तार उतरली आहे, हे ज्ञान खरं, आणि ते त्याच खोट्या तंबोऱ्याकडून मिळालेलं. भ्रमातून प्रमा, म्हणजे खरं ज्ञान! दोरीच्या सापाकडून कोणाला विष मिळाल्याचं ऐकिवात नाही.

मग कपाटातून पंचदशी काढली. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांनी नवव्या प्रकरणाची, ध्यानदीपाची, सुरुवातच इथून केली आहे. दाखला त्यांच्याही आधीचा, सातव्या शतकातल्या बौद्ध धर्मकीर्तीच्या ग्रंथात येणारा. रात्री दोन माणसं दोन बंद दारांच्या फटींतून प्रकाश बघतात. दोघांनाही तो प्रकाशच रत्न वाटतो, दोघंही धावतात. एका दारामागे खरोखर रत्न असतं, दुसऱ्यामागे दिवा. प्रकाशाला रत्न समजण्यात दोघांचीही चूक सारखीच. पण एकाच्या हाती रत्न येतं, दुसऱ्याचे हात पोळतात. पहिल्याचा तो संवादी भ्रम, दुसऱ्याचा विसंवादी. विद्यारण्य आणखी दाखले देतात, त्यातला एक आपल्या मातीतला आहे: कोणी गोदावरीचं पाणी गंगेचं समजून अंगावर शिंपडलं, तरी तो शुद्ध होतोच. नाशिक-पैठणकडच्या माणसाला यात भ्रम कुठला तेच कळणार नाही, पण मुद्दा पोचतो. आणि हे सगळं कशासाठी, तर उपासनेसाठी. ज्याला ब्रह्म विचाराने कळत नाही त्याने त्याची उपासना करावी. उपासनेत धरलेलं रूप हे ते तत्त्व नव्हे, पण ते त्याच दारामागून येणारा प्रकाश आहे, आणि त्याच्यामागे धावणारा पोचतो.

मूर्तिपूजेच्या बाजूने आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं: प्रतीक आहे, मनाला आलंबन हवं, अज्ञांसाठी आहे वगैरे. मला ही समर्थनं नेहमी ओशाळल्यासारखी वाटत आली, जणू सुशिक्षितासमोर घरच्या म्हाताऱ्यांबद्दल माफी मागावी. विद्यारण्य माफी मागत नाहीत. भ्रम आहे असं स्वच्छ म्हणतात आणि मग पुढचा प्रश्न विचारतात: कशाचा आहे, आणि धावल्यावर हाताला काय लागतं? सागवानी घोड्यांवर वायरी ठेवणारे गृहस्थ दिव्याच्या दाराशी उभे आहेत, हे त्यामुळे मला शांतपणे म्हणता येतं. माझ्या जावेबद्दल मात्र मी हे म्हणायला धजत नाही. ती पंढरपूरहून आली की चार-सहा महिने सुनेशी बरी वागते. ते रत्न नसेल, पण हात पोळल्याची खूणही नव्हे.

मग माझ्या हाताला काय लागतं? खाँसाहेब तर लागणार नाहीत. १९३७ साली दक्षिणेत, प्रवासात, सिंगपेरुमाळ कोइलच्या स्टेशनावर ते गेले, आणि इथे मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी लहानपणी थोडं गाणं शिकले होते. आवाज बेताचा, पण तंबोरा सोडला नाही. झिंझोटीतला कोमल निषाद मी सवयीने जिथे लावत असे, तो खाँसाहेब तिथे लावत नाहीत. डब्यावर ऐकताना हे कधी जाणवलं नव्हतं. कपाटावरच्या हवेत बसून ते जेव्हा त्या निषादावर येतात आणि किंचित रेंगाळून खाली उतरतात, तेव्हा तो कुठे आहे हे दाखवल्यासारखं कळतं. दुसऱ्या दिवशी तंबोरा घेऊन बसले की माझा निषाद जुन्या जागी जायला कचरतो. तो मला सापडला असं म्हणणार नाही. शोधायचा कुठे, ते कळलं.

एका बाबतीत विद्यारण्यांशी माझं जुळत नाही. त्यांच्या हिशेबात रत्न मिळालं की प्रकाशाचं काम संपलं. मला निषाद पक्का लागला तरी मी झिंझोटी लावायची थांबेन, असं वाटत नाही. उपासकांनाही विचारलं तर बहुतेक हेच सांगतील; आपल्याकडच्या संतांनी मुक्ती नको, भक्तीच दे, असं देवाला तोंडावर सांगितलेलं आहे. वेदान्त्यांनी त्याचं काय करायचं ते त्यांनी बघावं.

दर्ग्यात उरुसाला संगीतसभा होते, रात्रभर गाणं चालतं. गेल्या खेपेला भाचाही आला होता. गवई मंचावर बसलेला, साक्षात, घामासकट. आणि त्याचा आवाज येत होता डावीकडच्या खांबाजवळ रचलेल्या काळ्या पेट्यांतून. माझ्या घरी माणूस नाही आणि आवाज त्याच्या जागेवर. इथे माणूस आहे आणि आवाज भलतीकडे. भाचा कासावीस झाला. आम्ही उठून अगदी पुढे, मंचापाशी जाऊन बसलो. तिथे गळा थेट ऐकू येतो. पेट्यांचा आवाज त्याहून मोठा, पण क्षणाचा अंश उशिरा पोचणारा, आणि पहिल्यांदा जो पोचला त्याच्या जागी कान दोन्ही आवाज नेऊन ठेवतात. हेल्मुट हास या जर्मन माणसाने १९४९ साली हे मोजून दाखवलं आहे. म्हणजे गवयाच्या तोंडातून येणारा तो भरदार आवाज बराचसा पेट्यांचाच होता. तो त्याच्या तोंडाशी नेऊन बसवला मीच, घरी कपाटावर बसवते तसाच. आतून बघायला गेलं तर दोन्हींत काही फरक नव्हता. नैयायिक म्हणतोच, ज्ञान खरं की खोटं हे त्या ज्ञानात बसून कळत नाही, बाहेर जाऊन तपासावं लागतं.

चाचा आमच्याबरोबर पुढे आले नव्हते. ते मागे, चपला काढतात तिथे, खांबाला टेकून बसले होते. मध्यंतरात गर्दीतून वाट काढत मंचावर चढले, उजवीकडच्या तंबोऱ्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी जोडाच्या तारेचा मणी केसभर सरकवला. तार छेडून बघितली, पुन्हा एकदा सरकवला. गवई चकित झाला. मागे बसून तुम्हाला ऐकू आलं, म्हणाला.

"स्पीकरात आलं की," चाचा म्हणाले.